कंट्रोलरला टोप्या, कव्हर, ग्रिप लावून कुणाच्या हाताला खरंच आराम पडला का?

अंगठेबहाद्दर | मंगळवार, रात्री ११.५२

मंडळी, आधी माझी कर्मकहाणी ऐका, मग सल्ला द्या.

मी सांगलीत विश्रामबागला राहतो. दिवसभर ऑफिसात माऊस, आणि रात्री जेवणं उरकून पोरगं झोपलं की दहा ते बारा पीएस ५, म्हणजे सोनीचं गेम खेळायचं यंत्र. बहुतेक वेळा फुटबॉल, शनिवारी कुपवाडच्या मित्राबरोबर गोळीबाराचा गेम. गेले दोन महिने उजव्या अंगठ्याच्या बुडाशी ठणका लागायला लागलाय. सकाळी गाडीची किल्ली फिरवताना तोंडातून आपोआप 'आई गं' निघतं.

मग ऑनलाइन ६४९ रुपयांचं एक किट मागवलं. त्यात स्टिकवर (अंगठ्यानं फिरवायच्या दांडीवर) बसवायच्या आठ सिलिकॉनच्या टोप्या (मांजराच्या पंजाच्या दोन होत्या, त्या पोरानं पळवल्या), अख्ख्या कंट्रोलरला घालायचं काळं कव्हर आणि एल२-आर२ वर (तर्जनीनं दाबायच्या मागच्या दोन बटणांवर, म्हणजे ट्रिगरवर) चिकटवायचे लांब ट्रिगर. आलं त्याच रात्री सगळं एकदम चढवलं. बायको म्हणाली, "ह्याला स्वेटर कशाला घातलंस? थंडी वाजतीय का?"

आता अंगठा दुखायचा तो दुखतोच, वर तळहाताला घाम. कंट्रोलर चार्जिंग स्टँडवर बसेना. आणि सगळ्यात वाईट म्हणजे माझा विंगर तिरका पळता पळता मध्येच बागेत फिरायला आल्यासारखा चालायला लागतो. किट परत घेणार नाही म्हणे, पाकीट फोडलंय.

कुणी वापरलंय का हे सगळं? काय ठेवू, काय फेकू?

कृष्णामाई_७७ | बुधवार, सकाळी ७.१०

आयडी लई भारी निवडलाय. आता अंगठा मोडल्यावर सही कशी करणार?

प्लेअर_टू | बुधवार, सकाळी ९.०५

चार्जिंगचं सोपं आहे. ड्युअलसेन्सचा (पीएस ५ च्या कंट्रोलरचा) स्टँड कंट्रोलरच्या खालच्या बाजूला, हेडफोनच्या भोकाजवळ जे धातूचे ठिपके आहेत त्यातून चार्ज करतो. कव्हरनं ते झाकले गेले किंवा कंट्रोलर एक-दोन मिलिमीटर वर उचलला गेला की संपलं. वरून वायर लावा, चार्ज होईल. म्यूट बटणाच्या आसपास माइकची बारीक भोकं आहेत तीही बघा, स्वस्तातल्या कव्हरांत तिथं काहीच कापलेलं नसतं आणि मग मित्र म्हणतात, "तू विहिरीतनं बोलतोयस."

माझ्याकडे एक्सबॉक्सचा आहे, त्याला तर कव्हर म्हणजे शिक्षा. दोन पेन्सिल सेल बदलायचे म्हणजे मागचं झाकण उघडायचं, म्हणजे आधी अख्खं कव्हर सोलायचं. तीनदा सोललं, चौथ्यांदा कचऱ्यात.

वेळेचा_अपव्यय | बुधवार, सकाळी ९.४०

दोन तास खेळू नका. अंगठा आपोआप बरा होईल. आमच्या काळी आमराईत जाऊन चेंडूफळी खेळायचो, कुणाचा अंगठा दुखला नाही.

बॅकफूट_पंच | बुधवार, सकाळी ९.५८

काका, चेंडूफळीनं आमच्या चुलत्याचा अंगठा दोनदा मोडला. धाग्याचा विषय सोडू नका.

मिरज_फिजिओ | बुधवार, दुपारी २.२०

दादा, काय ठेवू आणि काय फेकू हे नंतर. दुखतंय नेमकं कुठं ते आधी बोटानं दाखवा. 'बुडाशी' म्हणजे लोक चार वेगळ्या जागा दाखवतात, आणि प्रत्येक जागेचं कारण वेगळं असतं.

नखाजवळच्या सांध्यात दुखत असेल तर बहुतेक तुम्ही गुळगुळीत स्टिकवरून अंगठा घसरू नये म्हणून तो दाबून धरताय. तिथं खरबरीत टोपीचा उपयोग होतो, कारण पकड मिळाली की दाब आपोआप कमी होतो. अंगठा आणि तर्जनीमधल्या मांसल भागात दुखत असेल तर कंट्रोलर आवळून धरला जातोय. हातातून निसटेल अशी भीती असते, गोल आला की आणखी आवळतो. तिथं मुठीची ग्रिप लागते, स्टिकच्या टोपीनं काही होणार नाही. करंगळीच्या बाजूला दुखणारे लोक यंत्राचं वजन करंगळीवर तोलतात.

आणि मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला, जिथं हाडाचा उंचवटा लागतो तिथं दुखत असेल तर जरा सांभाळा. अंगठा मुठीत घ्या, बाकीची बोटं त्यावर मिटा, आणि मूठ हळूच करंगळीकडे झुकवा. जोर लावू नका. तिथं झटकन कळ आली तर अंगठ्याच्या स्नायुबंधांभोवतीचं आवरण सुजलेलं असू शकतं. याला डी क्वेर्व्हेन म्हणतात, स्विस सर्जनच्या नावावरून. आमच्याकडे याचे पेशंट म्हणजे तान्ह्या बाळांना दोन्ही हातांनी उचलणाऱ्या आया आणि दिवसभर मोबाइलवर टाइप करणारी माणसं. एकानं तर दुखणाऱ्या मनगटावर पट्टा बांधून आणखी तीन महिने खेळून काढले. तशी कळ असेल तर टोप्या राहू द्या, कुणाला तरी प्रत्यक्ष हात दाखवा. किल्ली फिरवताना दुखतं म्हणालात म्हणून एवढं लिहिलं.

अंगठेबहाद्दर | बुधवार, रात्री १०.३०

ताई, मूठ करून बघितली. मनगटात काही नाही, देवाची कृपा. दुखतं ते अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या गादीत. आणि खरं सांगू, बायकोला शेजारी बसवून मॅच खेळलो. ती म्हणाली, पेनल्टीच्या वेळी तुझी नखं पांढरी पडतात.

तंबोरा_गल्ली | बुधवार, रात्री ११.१५

नखं पांढरी पडणं हे आमच्याकडे रोज ऐकायला मिळतं. आमच्या घरी मिरजेत तीन पिढ्या सतारी होतात. नवीन शिकणारा आला की तार अशी दाबतो जणू ती पळून जाणार आहे. वडील त्याचा हात बघतात, पडद्यांची उंची बघतात, तार पडद्यापासून किती वर आहे ते बघतात. तार नको तितकी उंच असेल तर बोट मरेपर्यंत दाबलं तरी सूर लागत नाही, आणि शिकणारा समजतो की आपलाच हात कच्चा.

टोप्यांचं हेच आहे. तुम्ही उजवीकडे कुठली लावलीय, उंच की बुटकी? फोटो टाका.

उंच टोपीचं गणित सोपं आहे. स्टिक खाली एका बिंदूवर कलते. समजा त्या बिंदूपासून तुमचा अंगठा २० मिलिमीटरवर आहे आणि टोपीनं तो ३० वर गेला. आता तेवढाच कोन कलवायला अंगठ्याला दीडपट अंतर जावं लागतं. म्हणून नेम बारीक साधता येतो, शूटिंगवाले याच्यासाठीच उंच टोपी घेतात, आणि ढकलायला जोरही कमी लागतो. पण त्याच वेळी तुमचा अंगठा १० मिलिमीटर वर उचलून ठेवलेला असतो, तासभर. ती मधली गादी ताणली जाते. ज्याचा पंजा मोठा त्याला ते जाणवत नाही. लहान पंजाच्या माणसानं उंच टोपी लावणं म्हणजे स्टुलावर उभं राहून जेवणं.

फुटबॉलला उजवी स्टिक तुम्ही वापरता किती? माझ्या मते तिथं उंच टोपीचं काही काम नाही. शूटिंगलासुद्धा फक्त उजवीकडे, डावीकडे बुटकी किंवा काहीच नाही.

सई_वाईकर | गुरुवार, दुपारी १२.०५

लहान पंजावाल्यांच्या वतीनं +१. मला हे कुणी दोन वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

मी साताऱ्यात असते, हातात धरायची यंत्रं वापरते, म्हणजे स्क्रीन आणि बटणं एकत्रवाली. इथं त्रास टोपीपेक्षा वजनाचा. ड्युअलसेन्स साधारण २८० ग्रॅमचा. निन्टेन्डोचा जुना स्विच जॉय-कॉन (दोन्ही बाजूंना अडकवायचे छोटे कंट्रोलर) लावून ४०० ग्रॅमच्या आसपास, नवा स्विच २ जवळजवळ ५३५. स्टीम डेक, हेही तसलंच हातातलं यंत्र, पहिला आला तो ६६९ ग्रॅम. अर्ध्या किलोचं काहीतरी तासभर पुढं धरून बसा, दूधवाल्यानं पिशवी तशी धरली तर आपण त्याला ती खाली ठेवायला सांगू.

मी आधी स्विचसाठी मुठी असलेलं कव्हर घेतलं. बरं आहे, कारण स्विचच्या कडा सपाट आहेत आणि तळहातात भरायला काही नसतं. पण खरा फरक पडला तो मांडीवर घेतलेल्या लोडानं. कोपर लोडावर, यंत्र लोडावर, हात फक्त बटणांना. आजीनं शिवलेला कापसाचा लोड, खर्च शून्य. काससारख्या ठिकाणी ट्रिपला गेले की जर्किनची गुंडाळी करते.

आणि जॉय-कॉनसाठी टोपी घेताना त्याच्यासाठीचीच घ्या. त्याची स्टिक बुटकी आणि लहान तोंडाची आहे, पीएसची टोपी तिच्यावर डोलत राहते. पीएस ४ आणि पीएस ५ ला एकच चालते, एक्सबॉक्स वन आणि सिरीजला एकच. 'सर्व कंट्रोलरना चालेल' असं लिहिलं असेल तर ती कशालाच नीट बसत नाही.

रेट्रो_राजवाडा | गुरुवार, दुपारी १.३०

अवांतर: आराम देणाऱ्या सामानाचा इतिहास मोठा मजेशीर आहे. निन्टेन्डो ६४ वर मारिओ पार्टी आला, त्यात काही खेळांत स्टिक जमेल तितक्या वेगानं गरागरा फिरवायची. पोरं अंगठ्यानं फिरवेनात, तळहातानं फिरवायला लागली, आणि तळव्याला फोड. शेवटी २००० साली न्यूयॉर्कच्या अॅटर्नी जनरलशी तडजोड झाली आणि कंपनीनं हातमोजे द्यायचं कबूल केलं. गेमसाठी हातमोजे! २००७ मध्ये 'वी' या त्यांच्याच यंत्राच्या रिमोटलाही त्यांनी फुकट सिलिकॉनचं जाकीट दिलं, पण ते हातासाठी कमी आणि भिंती-टीव्ही वाचवायला जास्त.

पहिल्या एक्सबॉक्सचा २००१ चा कंट्रोलर तर एवढा थोरला होता की जपानसाठी वेगळा लहान काढला, आणि पुढं तोच सगळीकडे चालला. त्या लोकांनी लांब ट्रिगर नाही चिकटवले, कंट्रोलर बदलला.

नायलॉन_बुश | गुरुवार, रात्री ९.४५

लांब ट्रिगरला नावं ठेवू नका राव, माझं सगळं त्याच्यावर चालतंय.

कुपवाड एमआयडीसीत प्रेसवर असताना डाव्या तर्जनीचं पहिलं पेर गेलं. २०१६ ची गोष्ट. नंतर एल२ पर्यंत बोट पोचायचंच नाही, मधल्या बोटानं दाबायचो आणि मग त्याच्या वरचं एल१ बटण राहायचं. रेसिंगमध्ये ब्रेक म्हणजे एल२. लोकांना वाटायचं हा ब्रेक न मारता खेळतोय, धाडसी आहे.

बाजारातला लांब ट्रिगर आणला. माझ्या बोटाला तो पण आखूड. आमच्या लेथवाल्या दोस्तानं नायलॉनच्या बारचा तुकडा घेतला, ट्रिगरच्या वळणाशी जुळेल असा आतून घासला आणि बाहेरून बोटाला टेकायला खळगा केला. तीनदा मापं घेतली. पहिला तुकडा एल१ ला घासत होता, दुसरा दाबल्यावर कंट्रोलरच्या पाठीला टेकायचा, म्हणजे ब्रेक अर्धाच लागायचा. तिसरा बसला. वजन काहीच नाही, १३ मिलिमीटर पुढं आलंय.

चिकटवायचं कसं ते नीट ऐका. फेविक्विक लावू नका. ते पातळ असतं, ट्रिगरच्या फटीतून आत उतरतं आणि ट्रिगर कायमचा गप्प. शिवाय आजूबाजूच्या काळ्या प्लॅस्टिकवर पांढरी बुरशी आल्यासारखे डाग पडतात. दोन्ही बाजूंनी चिकटणारी फोम टेप घ्या, गाड्यांचे लोगो चिकटवायला वापरतात ती. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं ट्रिगर पुसायचा, वाळू द्यायचा, टेप लावून अर्धा मिनिट दाबायची आणि रात्रभर हात लावायचा नाही. मी पहिल्यांदा लगेच खेळायला बसलो आणि फोर्थ गिअरला ब्रेक माझ्या मांडीवर पडला.

अंगठेबहाद्दर, तुमची बोटं धड असतील तर लांब ट्रिगर काढून टाका. लांबीमुळं बोट आणखी पुढं ताणलं जातं. आणि सेटिंगमध्ये जाऊन ट्रिगरचा ताण कमी करा. पीएस ५ मध्ये ॲक्सेसरीज, मग कंट्रोलर, तिथं व्हायब्रेशनची आणि ट्रिगर इफेक्टची तीव्रता कमी करायची सोय आहे. फुकटचं आहे म्हणून कुणी बघत नाही.

मिरज_फिजिओ | गुरुवार, रात्री १०.१०

तिसऱ्यांदा माप घेतलंत ते वाचून बरं वाटलं. आमच्याकडे स्प्लिंट बनवताना पेशंटला एवढा धीर नसतो. ज्यांना दोन्ही हातांनी धरणंच जमत नाही त्यांच्यासाठी मोठ्या बटणांचे, मांडीवर किंवा टेबलावर ठेवायचे कंट्रोलरही आहेत. एक्सबॉक्सचा ॲडॅप्टिव्ह २०१८ मध्ये आला, सोनीचा ॲक्सेस २०२३ मध्ये.

अंगठेबहाद्दर | गुरुवार, रात्री ११.३०

आज हा कार्यक्रम केला. लांब ट्रिगर काढले, कव्हर सोललं. कव्हरच्या आत काय होतं ते सांगत नाही, जेवणाची वेळ नसली तरी. केस, चुरा, बहुतेक भडंगातला शेंगदाणा.

टोप्यांचा फोटो टाकलाय, आणि विंगर अजून चालतोच आहे.

प्लेअर_टू | गुरुवार, रात्री ११.४८

फोटो मोठा करून बघितला. डावी टोपी पूर्ण बसलेली नाहीये. डावीकडची कड खाली आहे, उजवीकडची स्टिकच्या डोक्यावरच अडकलीय. त्यामुळं घेर एका बाजूला लोंबतोय. स्टिक त्या बाजूला कलवली की तो घेर कंट्रोलरच्या गोल कडेला आधीच टेकतो, स्टिक पूर्ण जात नाही, आणि गेमला वाटतं तुम्ही हळूच ढकलताय. विंगरची काही चूक नाही.

काढा. कोमट पाण्यात दोन मिनिटं ठेवा, पुसून पूर्ण कोरडी करा, सिलिकॉन जरा सैल पडतं. एक कड स्टिकच्या मागच्या बाजूला अडकवा, आणि उरलेली चमच्याच्या मागच्या गोल टोकानं ओढत ओढत खाली घ्या. नखानं ओढली की फाटते. बसली की बोटानं घेराच्या खालून एक फेरी मारा, कुठंही गाठ लागता कामा नये. मग स्टिक कडेकडेनं हळू गोल फिरवा. कुठं अडखळली किंवा घासल्याचा आवाज आला की पुन्हा काढा. कॉम्प्युटर असेल तर ब्राउझरमध्ये गेमपॅड तपासायची पानं आहेत, कंट्रोलर जोडून स्टिक फिरवा, ठिपका वर्तुळाच्या कडेपर्यंत सगळीकडे गेला पाहिजे. टोपी लावून आणि काढून, दोन्हीदा बघा. टोपी काढूनही ठिपका मधोमध थांबत नसेल तर तो ड्रिफ्ट, स्टिक किती कलली ते मोजणाऱ्या आतल्या पोटेन्शिओमीटरची झीज. त्याला बाहेरून काहीही लावा, उपयोग नाही.

बॅकफूट_पंच | शुक्रवार, सकाळी ८.१५

आवळून धरण्याचा इलाज माझ्याकडे आहे. स्मृती मंधानाच्या गावात राहून हे कुणाला सुचू नये?

बॅडमिंटन रॅकेटच्या दांड्याला गुंडाळतात ती पातळ ओव्हरग्रिप घ्या, हरभट रोडवर खेळाच्या दुकानात मिळते. बॅटचं रबर नको, जाड होतं आणि मुठीवर चढतही नाही. कंट्रोलरच्या मुठी खाली निमुळत्या होतात, म्हणून वरून सुरू केलं की गुंडाळी घसरून खाली गोळा होते. टोकाकडून सुरू करा, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर तिसरा हिस्सा चढवत वर या. वर आल्यावर बटणांच्या अलीकडे बोटभर थांबा आणि शेवट पाठीकडच्या बाजूला चिकटवा, तळहाताखाली नको. दोन वेढ्यांतच मूठ भरल्यासारखी वाटते आणि घाम शोषला जातो. महिन्याला काळी पडली की फेकायची, नवी लावायची.

कंट्रोलरच्या आकाराची कापून मिळणारी खरबरीत चिकटपट्टीही असते, दिसायला छान. पण ती चिकटवताना एक मिलिमीटर सरकली की आयुष्यभर डोळ्यात खुपते.

रेट्रो_राजवाडा | शुक्रवार, सकाळी ११.००

पावसाळ्यातली एक सूचना. जुन्या कंट्रोलरवर रबरासारखा मऊ लेप असतो, तो आपल्या दमट हवेत काही वर्षांनी चिकट होतो. मळ बसलाय असं वाटून लोक धुतात, तो मळ नसतो, लेपच विरघळायला लागलेला असतो. सिलिकॉनच्या टोप्यांचं तसं होत नाही, साबणानं धुवा. टेपचा डिंक राहिला तर खोबरेल तेलाचा बोळा फिरवून मग अल्कोहोलनं पुसा. थिनर आणि पेट्रोल वापरू नका, प्लॅस्टिक मऊ पडतं. जेलवालं सॅनिटायझरही नको, त्यानं उलट चिकट थर राहतो.

वेळेचा_अपव्यय | शुक्रवार, दुपारी ४.२५

हे बॅडमिंटनचं ग्रिप कितीला मिळतं? नातवासाठी विचारतोय.

बॅकफूट_पंच | शुक्रवार, दुपारी ४.३१

काका, नातवाचा आयडी सांगा, मॅच लावू.

अंगठेबहाद्दर | पुढचा रविवार, रात्री १०.१५

नऊ दिवस झाले, म्हणून लिहितो.

डावीकडे बुटकी टोपी, चमच्यानं बसवलेली. विंगर पळतोय. उजवीकडे काहीच नाही. दोन्ही मुठींना निळी ओव्हरग्रिप, पहिल्यांदा उलटी गुंडाळली होती, काढून पुन्हा केली. ट्रिगरचा ताण कमी. मांडीवर सोफ्याची उशी. दर मॅचनंतर मिनिटभर कंट्रोलर खाली ठेवतो, हे फिजिओताईंनी व्यनित (खाजगी निरोपात) सांगितलं होतं. गादीतला ठणका पूर्ण गेला असं म्हणणार नाही, पण किल्ली आता गप्प फिरते. पेनल्टीला नखं अजून पांढरी पडतात, त्याला ग्रिप काय करणार.

किटमधलं कव्हर आणि चार उंच टोप्या धुऊन ठेवल्यात. मोठ्या पंजाचा कुणी शूटिंगवाला असेल तर विश्रामबागला येऊन घेऊन जा, पैसे नकोत. मांजराच्या पंजाच्या दोन मागू नका, त्या पोरानं सायकलच्या हँडलला लावल्यात.

नायलॉन_बुश | पुढचा रविवार, रात्री १०.४०

उद्या सुट्टी झाल्यावर येतो. एक टोपी कापून ट्रिगरच्या खळग्यात बसवून बघायचीय.